थ्री नॉट थ्री म्हणजे नेमकी कोणती? ली-एनफिल्ड रायफलींचे प्रकार ओळखण्याबद्दल

जुनी_संगीन (धागाकर्ता)

जुनी लाकडी रायफल दिसली की आपल्याकडे एकच उत्तर मिळते, "थ्री नॉट थ्री". कित्येक संग्रहालयांतल्या पाट्यांवरही त्यापलीकडे काही लिहिलेले नसते. .३०३ हे काडतुसाचे माप. ते काडतूस झाडणाऱ्या ब्रिटिश बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला मूठ धरून बोल्ट मागे-पुढे ओढायच्या) रायफली १८८८ पासून पुढची साठ-सत्तर वर्षे बनत राहिल्या. इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात, कॅनडात, अमेरिकेत आणि आपल्याकडे बंगालमधल्या इशापूरला. बोअर युद्धातली रायफल आणि १९५० ची रायफल एकाच पाटीखाली ठेवणे मला पटत नाही. म्हणून हा धागा. ज्यांच्याकडे जुने फोटो आहेत, ज्यांनी पोलिसांत, सैन्यात किंवा एनसीसीत ही रायफल हाताळली आहे, त्यांनी जरूर लिहा.

माझे पहिले म्हणणे हे की ठसे शेवटी वाचावेत. बहुतेक जण उलटे करतात. आधी अक्षरे शोधतात, एक साल सापडते आणि तेवढ्यावर निकाल देतात. या रायफली पन्नास-पन्नास वर्षे सेवेत होत्या. दुरुस्तीला गेल्या, नळ्या बदलल्या, लाकूड बदलले, जुने ठसे खोडून नवे मारले गेले. ठसा नंतरही उमटवता येतो. बॉडीची, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या पोलादी भागाची, घडण मात्र कारखान्यात एकदा ठरते.

तर आधी नळीच्या तोंडाकडे बघा. लाकडावर बसवलेली जाडजूड लोखंडी टोपी नळीच्या तोंडाशी जवळजवळ सपाट भिडली असेल, पुढचा भाग बोथट नाकासारखा दिसत असेल, तर ती शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्ड, म्हणजे एसएमएलई. १९२६ नंतर हिलाच 'नंबर १' म्हणू लागले. जुन्या हिंदी चित्रपटांतल्या हवालदाराच्या खांद्यावर दिसते ती हीच. नळी लाकडाच्या पुढे दोन-तीन बोटे उघडी डोकावत असेल तर ती बहुधा नंबर ४ (दुसऱ्या महायुद्धातला पुढचा नमुना) असते, किंवा मग एसएमएलईच्याही आधीची लांब रायफल, 'लाँग ली'.

मग मागची साइट (नेम धरायचा भाग) बघा. नंबर १ मध्ये ती नळीवर, हाताच्या पकडीच्या पुढे असते आणि तिला खाच असते. नंबर ४ मध्ये ती थेट डोळ्याजवळ, बॉडीच्या मागच्या टोकावर येते आणि खाचेऐवजी भोक असते. एवढ्या दोन गोष्टींवर दहापैकी आठ रायफलींची निदान शाखा तरी कळते, आणि फोटो धूसर असला तरी या दोन गोष्टी दिसतात.

तिसरी खूण बॉडीची डावी भिंत. नंबर १ ची भिंत मागच्या बाजूला गोलसर उतरते. नंबर ४ ची सपाट आणि चौकोनी, कारण ती वेगाने व स्वस्तात बनवता यावी असाच त्या आराखड्याचा उद्देश होता.

आता थोडी वंशावळ. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला माणूस. झटपट चालणारा बोल्ट आणि खाली लावायची पेटीवजा मॅगझीन ही त्याची देणगी. १८८८ च्या रायफलीत त्याच्या यंत्रणेला विल्यम मेटफर्डच्या नळीची जोड होती. त्या नळीचे आटे (आतले पेचदार चर) उथळ आणि सात होते, काळ्या दारूसाठी उत्तम. पण लवकरच कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. तिच्या उष्णतेने ते उथळ आटे झिजून जाऊ लागले. म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डच्या कारखान्याने पाच खोल आट्यांची नळी आणली. ली-मेटफर्डची ली-एनफिल्ड झाली ती अशी.

तोपर्यंत पायदळाला लांब रायफल आणि घोडदळाला आखूड कार्बाइन अशी विभागणी होती. बोअर युद्धानंतर सर्वांसाठी मधल्या लांबीची एकच रायफल असावी असे ठरले. ३०.२ इंचांची नळी २५.२ इंचांवर आली. ही एसएमएलई. तिचा सर्वांत गाजलेला नमुना 'मार्क ३' जानेवारी १९०७ मध्ये मंजूर झाला. पहिले महायुद्ध याच रायफलीने लढले गेले आणि आपल्या पलटणींच्या हाती ती पुढे कित्येक दशके राहिली.

नंबर ४ आणि जंगल कार्बाइन यांच्याबद्दल प्रतिसादांत बोलूच.

रानवाटा

फार उपयुक्त. एक शंका. मार्क ३ आणि मार्क ३ स्टार असे दोन प्रकार वाचले होते. स्टार म्हणजे सुधारित का?

जुनी_संगीन (धागाकर्ता)

ब्रिटिश पद्धतीत मार्कपुढचा तारा छोटा बदल दाखवतो. तो बदल सुधारणाच असेल असे नाही. इथे तर चक्क काटछाट आहे.

१९१५ मध्ये रायफली पुरेनात. म्हणून बनवायला वेळखाऊ आणि खंदकात बिनकामाचे भाग गाळले गेले आणि १९१६ च्या सुरुवातीला हा साधा नमुना अधिकृत झाला. काय गेले ते नीट लक्षात ठेवा, ओळख तिथेच आहे.

एक, मॅगझीन कट-ऑफ. बॉडीच्या उजव्या बाजूला आडवी सरकणारी पोलादी पट्टी. ती आत ढकलली की मॅगझीनमधली दहा काडतुसे राखून ठेवायची आणि एकेक काडतूस हाताने भरत झाडायचे, अशी जुनी शिस्त होती. दोन, व्हॉली साइट. डाव्या बाजूला लाकडावर एक गोल तबकडी आणि दर्शक काटा. अख्ख्या तुकडीने मिळून दोन हजार यार्डांच्या पलीकडच्या जमावावर गोळ्यांचा पाऊस पाडण्यासाठी ती होती. मशीनगन आल्यावर तिची गरज सरली. तीन, मागच्या साइटचे वाऱ्यासाठीचे डावे-उजवे समायोजन.

गुंता पुढे आहे. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी हे भाग गाळले नाहीत. लंडन स्मॉल आर्म्स कंपनी युद्धातही बराच काळ पूर्ण मार्क ३ बनवत राहिली. उलट, मुळात मार्क ३ म्हणून जन्मलेल्या रायफलीची तबकडी दुरुस्तीत काढून टाकलेली सापडते. म्हणून 'तबकडी नाही' एवढ्यावर स्टार म्हणू नये. कट-ऑफसाठी बॉडीत चीर पाडलेली आहे का ते बघा. पट्टी काढली तरी चीर राहते. मग ठशाकडे या. बोल्टच्या मागे, जिथे दस्ता बसतो त्या लोखंडी पट्ट्याच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि खाली मार्क असतो.

कोतवाले_काका

मी पोलीस मुख्यालयात आर्मोरर (हत्यारांची देखभाल करणारा) होतो. कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, या रायफलींबरोबर नोकरी गेली, म्हणून लिहितो.

आपल्याकडच्या रायफलींच्या काही खुणा इंग्रजी पुस्तकांत शेवटच्या दोन ओळींत उरकतात, त्या इथे सविस्तर सांगतो. इशापूरच्या जुन्या मालावर मुकुटाखाली 'जीआरआय' असते. इंग्लंडच्या मालावर फक्त 'जीआर'. तो शेवटचा आय म्हणजे इम्पेरेटर, सम्राट. राजा इंग्लंडचा, सम्राट हिंदुस्थानचा. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले, सोबत 'आरएफआय', म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. सिंह दिसले की ती स्वतंत्र भारतात बनलेली किंवा तपासली गेलेली, यात शंका ठेवू नका.

दुसरी खूण, मॅगझीनच्या जरा पुढे लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू. आपल्या हवामानात लाकूड चिरते, ते आवळून धरायला तो घालत. विलायती रायफलीवर हा स्क्रू दिसला तर ती इथे येऊन गेली आहे असे खुशाल समजा.

तिसरी, .४१० मस्केट. बाहेरून हुबेहूब नंबर १, पण नळी गुळगुळीत, आटे नाहीत. मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून ती एकबारी केलेली असते. पोलीस आणि तुरुंग पहाऱ्यासाठी केलेला हा बदल. काडतूसही .३०३ चेच, फक्त मान न आवळता सरळ ठेवलेले. पळवून नेली तरी सैनिकी .३०३ काडतूस तिच्यात चालू नये, हा त्यामागचा विचार. संग्रहालयात या मस्केटी 'थ्री नॉट थ्री' म्हणून मांडलेल्या असतात तेव्हा मला वाईट वाटते. मॅगझीनची जागा बघितली तरी कळते.

चौथी, 'डीपी'. म्हणजे ड्रिल पर्पज. कवायतीपुरती. लाकडावर पांढरे पट्टे रंगवलेले असतात आणि लोखंडावर डीपी ठोकलेले असते. अशी रायफल झाडायला अयोग्य ठरवलेली असते, ती कितीही चकचकीत दिसो.

मेघना_खडकी

काका, डीपीचे वाचून कॉलेजची एनसीसी आठवली. परेडला पांढऱ्या पट्ट्यांच्याच होत्या आणि फायरिंगला .२२. ती .२२ सुद्धा दिसायला अगदी मोठ्या रायफलीसारखी होती. ती वेगळी बनवलेली की बदललेली?

कोतवाले_काका

बदललेली, ताई. नंबर २ म्हणतात तिला. जुन्या एसएमएलईची नळी आणि बोल्टचे डोके बदलून .२२ केलेली. वजन, पकड, साइट सगळे खऱ्यासारखे, म्हणून शिकाऊंना सवय लागते. मॅगझीनचा सांगाडा राहतो, पण आत काही भरायचे नसते, एकेक गोळी हाताने. दस्त्याच्या मागची पितळी झडप उघडली असेलच तुम्ही. तेलाची बाटली आणि फुलथ्रूची (नळी साफ करायच्या दोरीची) जागा.

शिवनेरी_१९

२ए१ चे नाव कुणी घेतले नाही अजून. तीच ना, .३०३ ची नळी बदलून ७.६२ केलेली?

जुनी_संगीन (धागाकर्ता)

हा गैरसमज जगभर आहे, इंग्रजी लिलावांच्या वर्णनातही हेच लिहिलेले असते. २ए आणि २ए१ या जुन्या रायफलींच्या बदललेल्या आवृत्त्या नाहीत. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने नंबर १ च्या आराखड्यावर त्या नव्याने बनवल्या, आणि ७.६२ चा जास्त दाब सोसावा म्हणून पोलादही अधिक मजबूत वापरले. त्या युद्धात आपले जवान अजून बोल्ट ओढून झाडायच्या रायफली घेऊन उभे होते. एसएलआर (सेल्फ-लोडिंग, म्हणजे दर गोळीला बोल्ट न ओढता झाडता येणारी रायफल) सगळ्यांच्या हाती पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही दुसऱ्या फळीसाठी काहीतरी हवे होते, तेही एसएलआरचेच काडतूस खाणारे.

ओळख सोपी आहे. मॅगझीन. .३०३ ची मॅगझीन खाली पुढून मागे तिरकी उतरते, कारण त्या काडतुसाला बुडाशी कडा असते आणि ती एकावर एक तिरकी बसतात. ७.६२ ला तशी कडा नाही, म्हणून २ए१ ची मॅगझीन चौकोनी डब्यासारखी. लांबूनही फरक दिसतो. २ए आणि २ए१ मधला फरक मागच्या साइटमध्ये. आधीच्यात अंक जुन्या रायफलीप्रमाणे २००० पर्यंत, नंतरच्यात ८०० पर्यंत.

कोतवाले_काका

यात माझी एक भर. ही ओळख नुसत्या हौसेची नाही. दोन काडतुसे, दोन रायफली, दिसायला बहिणी. कोतमध्ये त्या वेगळ्या रॅकमध्ये आणि वेगळ्या नोंदवहीत असत. नळीमागच्या पट्ट्यावरचा ७.६२ चा ठसा वाचल्याशिवाय आम्ही एकही रायफल बाहेर दिली नाही.

कृष्णाकाठ

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातून मराठा पलटणीत भरती झाले होते. घरात त्यांचा एकच फोटो आहे, स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला पडदा. शेजारी रायफल उभी, दस्ता जमिनीवर. मागे साल नाही, गाव नाही. फोटो इथे टाकण्यापेक्षा वर्णन करते, कारण घरच्यांची परवानगी नाही. नळी लाकडाच्या पुढे चांगली बाहेर आली आहे. पण धाग्यात म्हटल्याप्रमाणे नंबर ४ असेल तर साल जुळत नाही. ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच निवृत्त झाले.

जुनी_संगीन (धागाकर्ता)

ताई, अशा फोटोवर काम करायला मला फार आवडते. काही गोष्टी बघून सांगाल का?

१. पणजोबांची उंची अंदाजे माहीत असेल तर रायफलीचे टोक शरीराच्या कोणत्या भागापर्यंत येते? एसएमएलई ११३ सेंटिमीटर, लाँग ली १२६. तेरा सेंटिमीटरचा फरक फोटोत लपत नाही.
२. मॅगझीनच्या वर, बोल्टच्या मार्गावरून एक लोखंडी कमान आडवी गेली आहे का?
३. बोल्टवर पन्हाळीसारखा पत्र्याचा झाकणवजा भाग आहे का?
४. लाकडाच्या खालून, नळीला समांतर बारीक सळई बाहेर दिसते का?
५. बोल्टची मूठ कोणत्या बाजूला आहे?

कृष्णाकाठ

भिंग घेऊन बघितले. टोक छातीच्या वरच्या भागात, खांद्याच्या थोडे खाली. ते साडेपाच फुटांच्या आसपास होते असे आजी सांगायची. कमान आहे, स्पष्ट दिसते. पत्रा दिसत नाही. सळई नाही. आणि मूठ डावीकडे आहे! म्हणजे त्यांनी रायफल पुढून धरली आहे, तरी ती मूठ त्यांच्या डाव्या हाताकडे वळलेली वाटते. कोटाची बटणेसुद्धा उलटी वाटली मला.

जुनी_संगीन (धागाकर्ता)

बटणांचे निरीक्षण उत्तम. फोटो उलटा छापला गेला आहे. ली-एनफिल्डचा बोल्ट कायम उजव्या बाजूला. काचेची निगेटिव्ह पालथी पडली की सगळेच आरशातल्यासारखे होते. फोटो स्कॅन करून आडवा उलटवा, मग पदके आणि पट्टे कोणत्या खांद्यावर आहेत तेही खरे दिसेल.

आता रायफल. पादत्राणांसह माणूस साधारण १७० सेंटिमीटर धरला तर खांदा १४० च्या आसपास येतो. त्याच्या थोडे खाली पोचणारी म्हणजे १२६ ची लाँग ली. एसएमएलई असती तर टोक छातीच्या खालच्या बाजूला राहिले असते. सळई नाही, म्हणजे १८९९ नंतरची घडण किंवा नंतरची दुरुस्ती, कारण त्या साली सळई काढून टाकली गेली. आणि ती कमान सर्वांत महत्त्वाची. पाच काडतुसांची चार्जर क्लिप वरून खुपसता यावी म्हणून ती बसवली. जुन्या लाँग लींना अशी कमान बसवून घेतली ती १९०७ पासून पुढे. पत्र्याचे झाकणही त्याच वेळी निघाले. हिला चार्जर लोडिंग ली-एनफिल्ड म्हणतात.

तर तुमचा फोटो १९०७ च्या आधीचा नाही, एवढे ठामपणे म्हणता येते. वरची मर्यादा मात्र रायफल सांगत नाही. जुनी हत्यारे प्रशिक्षण केंद्रांत आणि राखीव साठ्यात पुढे बरीच वर्षे राहिली. शिवाय नव्या रंगरूटाने फोटोत धरलेली रायफल आणि पुढे लढाईत वापरलेली रायफल एकच असेल असे धरू नका. १९१४ मध्ये मार्सेयला उतरलेल्या हिंदी तुकड्यांना आपल्या जुन्या रायफली तिथेच जमा करून नव्या घ्याव्या लागल्या होत्या, कारण फ्रान्समध्ये टोकदार गोळीचे मार्क ७ काडतूस चालू होते.

वरची मर्यादा गणवेशातून मिळेल. १९२२ च्या पुनर्रचनेत मराठा पलटणींचे जुने क्रमांक गेले. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा पलटणी होत्या, त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. खांद्यावरच्या पट्टीवर तीन आकडी क्रमांक वाचता आला तर फोटो त्याआधीचा.

कृष्णाकाठ

फोटो उलटवून मोठा केला. पट्टीवर 'एक एक' पर्यंत वाचता येते, तिसरा आकडा घडीत गेला आहे. शून्य किंवा सात. म्हणजे ११० किंवा ११७. या दोन्ही पलटणी पहिल्या महायुद्धात इराकातल्या कुतच्या वेढ्यात होत्या ना?

जुनी_संगीन (धागाकर्ता)

होय, दोन्ही. १०३ सुद्धा. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडले आणि तिथले सैन्य तुर्कांच्या कैदेत गेले. पण सगळे जवान वेढ्यात नव्हते. डेपोत, सुट्टीवर, इस्पितळात असलेले वेगळे, आणि पलटणी पुन्हा उभारल्या तेव्हा भरती झालेले वेगळे. तिसरा आकडा नक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला नाव, गाव, वडिलांचे नाव यांसह पत्र लिहा. तालुक्याच्या गावी पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी असेल तर तीही बघा. अशा पाट्यांवर त्या गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत हे कोरलेले असते.

टोरांटोकर

आमच्याकडे कॅनडात नंबर ४ ला फार मान आहे. इथल्या लाँग ब्रँचच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात नऊ लाखांच्या वर रायफली बनल्या, आणि कामगारांत मोठ्या संख्येने स्त्रिया होत्या. तपासणीची इमारत मिसिसागात अजून उभी आहे, आता तिथे कलाकेंद्र आहे. उत्तरेकडचे कॅनेडियन रेंजर्स हीच रायफल अगदी अलीकडेपर्यंत वापरत. कडाक्याच्या थंडीत ती अडकत नाही, हे त्यामागचे कारण सांगतात.

ओळखीपुरते लिहितो. नंबर ४ मार्क १ मध्ये बोल्टचे डोके सोडवायला उजव्या बाजूला, कमानीमागे एक छोटी खिटी असते. ती दाबायची, डोके वर फिरवायचे, बोल्ट बाहेर. १९४२ मध्ये ती खिटी गाळून पुढे बोल्ट सरकतो त्या रुळातच एक खाच पाडली. हाच मार्क १ स्टार. तो फक्त लाँग ब्रँच आणि अमेरिकेतल्या सॅव्हेज कारखान्याने बनवला. त्यामुळे खाच दिसली की रायफल उत्तर अमेरिकेची. क्रमांकात एल असेल तर लाँग ब्रँच, सी असेल तर सॅव्हेज, कारण तो कारखाना मॅसॅच्युसेट्सच्या चिकोपी फॉल्सला होता. सॅव्हेजवर 'यूएस प्रॉपर्टी' असाही ठसा असतो, कारण ती लेंड-लीज या युद्धसामग्री उसनी देण्याच्या करारात ब्रिटनला दिलेली. कागदोपत्री मालकी अमेरिकेची. तो ठसा पाहून अमेरिकन सैन्याची रायफल समजू नये.

रानवाटा

इंग्लंडमधले कारखाने कसे ओळखायचे?

टोरांटोकर

फाझाकर्ली, माल्टबी आणि बीएसएचा (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीचा) शर्ली कारखाना, हे तीन मुख्य. युद्धकाळात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने नावे न टाकता सांकेतिक खुणा टाकत. 'एम ४७' म्हणजे बीएसए शर्ली. युद्धानंतरच्या फाझाकर्लीवर 'यूएफ' आणि सालाचे दोन आकडे येतात.

लेस्टरकर

मला जंगल कार्बाइनबद्दल विचारायचे आहे. इथे इंग्लंडात निकामी केलेल्या जुन्या रायफली प्रमाणपत्रासह विकत मिळतात. एक नंबर ५, म्हणजे जंगल कार्बाइन, बघून आलो. नाकाशी फनेलसारखा फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची झळाळी झाकणारा भाग), मागे रबरी पॅड, सगळे आहे. पण किंमत इतरांपेक्षा बरीच कमी. खरी असेल?

जुनी_संगीन (धागाकर्ता)

घाई करू नका. नंबर ५ सर्वांत जास्त नकली बनवली गेलेली ली-एनफिल्ड असावी. युद्धानंतर अमेरिकेत साध्या नंबर ४ आणि नंबर १ कापून, फ्लॅश हायडर लावून 'जंगल कार्बाइन' या नावाने हजारोंनी विकल्या गेल्या. त्या विकणाऱ्यांनी त्या शिकारीच्या रायफली म्हणूनच विकल्या होत्या. आज त्यांना सैनिकी म्हणून खपवतात तो खोटेपणा.

खरी नंबर ५ १९४४ पासून फक्त फाझाकर्ली आणि शर्ली इथे बनली. ब्रह्मदेशासारख्या जंगलात वागवायला हलकी हवी म्हणून वजन सव्वातीन किलोच्या आत आणले. ते कुठून कमी केले तिथे बघा. बॉडीवर धातू कोरून काढलेला दिसतो. नळीच्या बुडाशी, जिथे ती जाड असते, तिथेही खाचा असतात. हे हँडगार्डखाली (नळीवरच्या लाकडी आवरणाखाली) झाकलेले असते, म्हणून विक्रेत्याला तो काढून दाखवायला सांगा. बोल्टच्या मुठीचा गोळाही आतून पोकळ केलेला असतो. नकली बनवणारे नळी कापतात, हायडर लावतात, पण बॉडी कोरत बसत नाहीत. बॉडीच्या डाव्या भिंतीवर 'नंबर ५ मार्क १' असे विजेच्या लेखणीने कोरलेले असते. पण तेही आज कुणी कोरू शकतो, म्हणून खाचा आधी.

लेस्टरकर

धन्यवाद. हँडगार्ड काढायला विक्रेता तयार झाला. खाचा नाहीत, मूठ भरीव, आणि डाव्या भिंतीवर 'मार्क १ स्टार'. टोरांटोकरांनी सांगितलेली रुळातली खाचही आहे.

टोरांटोकर

मग ती उत्तर अमेरिकेत बनलेली नंबर ४, कापलेली. नंबर ५ तिकडे बनलीच नाही.

शिवनेरी_१९

वायव्य सरहद्दीकडच्या नकली रायफलींबद्दलही लिहा कुणीतरी.

कोतवाले_काका

दर्रा आदमखेलच्या. त्या कारागिरांचा हात वाखाणण्यासारखा, हातोडी-कानशीवर अख्खी रायफल घडवत. पण अक्षरओळख नसल्याने ठसे बघून बघून नक्कल केलेली. इंग्रजी एन उलटा, एनफिल्डमध्ये एखादे अक्षर गाळलेले, आकडे वाकडे. सर्वांत पक्की खूण म्हणजे आखूड एसएमएलईवर 'व्हीआर', व्हिक्टोरिया राणीची अक्षरे. राणी १९०१ च्या जानेवारीत वारली. एसएमएलई त्यानंतरची. तिच्यावर राणीची अक्षरे असूच शकत नाहीत. पोलाद कुठले वापरले असेल याचा भरवसा नसतो, म्हणून अशी रायफल झाडायचा विचारही करू नये.

रानवाटा

आमच्या गावी एका वाड्यात .३०३ आहे असे सांगतात, परवान्याची. बोल्टही तसाच आहे.

कोतवाले_काका

परवान्याची असेल तर बहुधा .३१५. सैनिकी बोअर नागरिकांना ठेवता येत नाही, ही बंदी ब्रिटिश काळापासून चालत आली आहे. म्हणून इशापूरने शिकारीसाठी .३१५ ची रायफल बनवली, यंत्रणा लीचीच. नळीची लांबी, अर्धेच लाकूड आणि छोटी मॅगझीन यावरून वेगळी दिसते. परवान्यावर बोअर लिहिलेले असते, ते वाचा. आणि परवान्याशिवाय एखादे जुने हत्यार माळ्यावर सापडले तर ते साफ करायला, उघडायला घेऊ नका. आत काडतूस असू शकते. आहे तिथेच ठेवून पोलीस ठाण्यात कळवा. स्वतः कळवणाऱ्याला मार्ग निघतो, लपवणाऱ्याला नाही.

मेघना_खडकी

आमच्या खडकीचा उल्लेख अजून कुणी केला नाही, म्हणून लिहिते. .३०३ च्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' असते ते इथल्याच दारूगोळा कारखान्याचे, किर्की फॅक्टरी. १८६९ पासूनचा कारखाना. माझे आजोबा तिथे नोकरीला होते. जगभरच्या संग्राहकांच्या याद्यांमध्ये केएफ सापडते. रायफलीच्या ओळखीत काडतुसाच्या बुडाचा उपयोग होतो का?

जुनी_संगीन (धागाकर्ता)

रायफलीच्या नाही, जागेच्या ओळखीत होतो. जुन्या चांदमारीच्या मैदानावर रिकामी पुंगळी सापडली तर बुडावरचे साल आणि कारखाना वाचून तिथे कधीच्या काळी सराव चालत होता हे ठरवता येते. केएफ म्हणजे खडकी, 'आरएल' म्हणजे वूलिचची रॉयल लॅबोरेटरी, 'डीएसी' कॅनडाची, 'एमएफ' ऑस्ट्रेलियातल्या फूट्सक्रेची. सालाखेरीज काडतुसाचा मार्कही असतो. ६ असेल तर बोथट, जड गोळी. ७ असेल तर १९१० नंतरची टोकदार. आजोबांच्या वस्तूंत कारखान्याचे ओळखपत्र किंवा पगाराची चिठ्ठी असेल तर जपून ठेवा. त्यावरून ते कोणत्या विभागात होते ते कळेल.

कृष्णाकाठ

तिसरा आकडा कळला. मामाकडे त्याच फोटोची दुसरी प्रत निघाली, सरळ छापलेली. पट्टीवर ११७ आहे. बेळगावला पत्र आजच टाकते आहे.

जुनी_संगीन (धागाकर्ता)

छान. पत्रासोबत फोटोची प्रत जोडा आणि मागे पेन्सिलने 'चार्जर लोडिंग ली-एनफिल्ड, १९०७ नंतर, ११७ मराठा' असे लिहून ठेवा. दुसऱ्या प्रतीवर स्टुडिओचा शिक्का आहे का तेही बघा. पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात उठावाचा असतो, तिरक्या उजेडात दिसतो.